स्वमग्न व्यक्ती आणि शासकीय नियोजन : ‘आमच्यानंतर कोण?’ या प्रश्नाच्या अनुषंगाने एक चिकित्सा

प्रस्तावना :

कल्याणकारी राज्यात नियोजन म्हणजे केवळ निधीची तरतूद नव्हे. नागरिकाच्या आयुष्याविषयी शासनाने मनाशी धरलेले चित्रही त्यातून व्यक्त होत असते. एखाद्या योजनेचा मसुदा बारकाईने वाचला असता ती कोणासाठी आहे हे जसे कळते, तसेच ती आखणाऱ्यांनी काय गृहीत धरले आहे, हेही कळते. स्वमग्न (ऑटिस्टिक) व्यक्तींसाठी भारतात गेल्या पाव शतकात दोन महत्त्वाचे कायदे झाले, तपासणीचे निकष ठरले, विमा, दिवसभराची संगोपन केंद्रे, गटनिवास अशा योजना आल्या. या साऱ्यांचे एकत्रित वाचन केल्यास एक गृहीत सर्वत्र आढळते. ते असे की, स्वमग्न व्यक्तीच्या शेजारी तिची आई किंवा वडील सदैव उभे आहेत, ते निरोगी आहेत, त्यांना वेळ आहे आणि ते मरणार नाहीत.

या गृहीताची चिकित्सा करणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे. त्यासाठी कायद्यांचा शब्द, मोजमापाची पद्धत, योजनांची वयोमर्यादा आणि पालकत्वाची तरतूद या चार अंगांचा येथे विचार केला आहे. शासनाने काहीच केले नाही असे प्रस्तुत लेखिकेचे म्हणणे नाही. जे केले त्याचा पाया कोणाच्या खांद्यावर ठेवला, हा प्रश्न आहे.

१. संज्ञेचा प्रश्न :

अमेरिकेतील बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये अकरा मुलांच्या निरीक्षणावर आधारित निबंध प्रसिद्ध केला, तेव्हापासून ऑटिझम ही स्वतंत्र अवस्था म्हणून वैद्यकशास्त्रात रूढ झाली. मराठीत तिला ‘स्वमग्नता’ किंवा ‘आत्ममग्नता’ म्हटले जाते. ही संज्ञा सुबक आहे, परंतु ती दिशाभूलही करते. मराठी वाचकाला ‘आत्ममग्न’ म्हटले की चिंतनात गढलेला साधक किंवा कवी आठवतो. जणू ही व्यक्ती आपल्या इच्छेने जगाकडे पाठ फिरवून बसली आहे. वास्तवात अनेक स्वमग्न व्यक्तींना जगाशी संबंध हवा असतो. परंतु बोलण्याची रीत, चेहऱ्यावरील भावांचा अर्थ, अचानक होणारे बदल, आवाज व प्रकाश यांचा मारा यांमुळे तो संबंध कठीण होतो. अवस्था एकच असली तरी तिचा पट विस्तृत आहे. काही व्यक्ती बोलत नाहीत आणि त्यांना आयुष्यभर दैनंदिन आधार लागतो, तर काही पदवी घेऊन नोकरी करतात.

संज्ञेचा हा मुद्दा केवळ भाषिक नाही. दोष व्यक्तीच्या ‘मग्नते’त आहे असे मानले की नियोजनाचा रोख तिला बदलण्याकडे वळतो. अडथळा परिसरातही आहे असे मानले, तर शाळा, कार्यालय, रुग्णालय यांनी बदलायचे असते. एके काळी पाश्चात्त्य मानसशास्त्रात ऑटिझमचे खापर थंड स्वभावाच्या आईवर फोडले जात असे. ती उपपत्ती केव्हाच निकाली निघाली. मात्र आईवर दोष टाकणे थांबले, तरी भार टाकणे थांबलेले नाही.

२. कायद्यांचा प्रवास :

१९९५ च्या अपंग व्यक्ती अधिनियमात सात प्रकारच्या अपंगत्वांना मान्यता मिळाली. अंधत्व, क्षीणदृष्टी, कुष्ठरोगमुक्ती, श्रवणदोष, चलनवलनातील अपंगत्व, मतिमंदत्व व मानसिक आजार हे ते प्रकार होत. या यादीत स्वमग्नता नव्हती. परिणामी स्वमग्न मुलाच्या पालकांपुढे दोनच मार्ग उरले : मुलाला ‘मतिमंद’ म्हणवून घेऊन प्रमाणपत्र मिळवायचे, किंवा सत्य सांगून रिकाम्या हाताने परतायचे.

पुढे १९९९ मध्ये राष्ट्रीय न्यास अधिनियम संमत झाला. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, मतिमंदत्व व बहुविकलांगता असलेल्या व्यक्तींच्या कल्याणासाठीचा हा कायदा आहे. त्यामागे पालकांच्या चळवळीचा मोठा वाटा होता. मेरी बरुआ यांनी १९९१ मध्ये दिल्लीत सुरू केलेल्या ‘अ‍ॅक्शन फॉर ऑटिझम’ या संस्थेने स्वमग्नतेचा कायद्यात समावेश व्हावा यासाठी प्रयत्न केले. पालकांचा मूळ प्रश्न एकच होता : आमच्यानंतर कोण? या प्रश्नाची नोंद कायद्याच्या उद्दिष्टांत स्पष्टपणे झाली आहे. आईवडिलांच्या किंवा पालकाच्या मृत्यूनंतर व्यक्तीची काळजी व संरक्षण यांसाठी उपाययोजना करणे, हे न्यासाचे एक उद्दिष्ट होय. भारतीय विधिसंहितेत इतक्या घरगुती व्याकुळतेला जागा मिळाल्याची उदाहरणे थोडी आहेत. मात्र या उद्दिष्टासाठी केंद्र शासनाने एकदाच १०० कोटी रुपयांचा मूळ निधी द्यावा, अशी तरतूद झाली. चार अवस्थांतील देशभरच्या व्यक्तींच्या आयुष्यभराच्या प्रश्नापुढे ही रक्कम किती तोकडी आहे, हे सांगण्यास अर्थतज्ज्ञाची गरज नाही.

भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क करारास अनुसमर्थन दिले. त्या अनुषंगाने आलेला दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. मान्य प्रकारांची संख्या ७ वरून २१ झाली आणि स्वमग्नतेला प्रथमच सर्वसाधारण दिव्यांग कायद्यात स्वतःच्या नावाने स्थान मिळाले. शासकीय नोकऱ्यांत किमान ४ टक्के आरक्षण आले. त्यातील १ टक्का मात्र स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगत्व, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता या सर्वांना मिळून आहे. स्पर्धा परीक्षेच्या रांगेत या गटांची स्थिती समान नसते. त्यामुळे या एका टक्क्यातील सर्वांत मागचा माणूस बहुधा अधिक आधाराची गरज असलेला स्वमग्न तरुणच राहणार, अशी रास्त शंका येते.

३. टक्केवारीचे राजकारण :

कायद्यात नाव आले तरी योजनेचा दरवाजा प्रमाणपत्राने उघडतो. १९९९ च्या कायद्याने स्वमग्नता मान्य केली, पण तिचे मूल्यमापन व प्रमाणपत्र यांची केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित होण्यास एप्रिल २०१६ उजाडावे लागले. या सोळा वर्षांत एक पिढी बालपणातून तारुण्यात गेली.

ही तत्त्वे ज्या भारतीय मापनश्रेणीवर आधारली, ती सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने विकसित केली होती. तीत सामाजिक संबंध, भावनिक प्रतिसाद, भाषा व संप्रेषण, वर्तन, संवेदना आणि बोधन या सहा क्षेत्रांतील ४० विधाने असून प्रत्येकास १ ते ५ गुण दिले जातात. परदेशी चाचण्या जशाच्या तशा वापरण्याऐवजी भारतीय साधन तयार झाले, ही गोष्ट निश्चितच स्वागतार्ह आहे. अडचण अन्यत्र आहे. २०१६ चा कायदा दिव्यांगत्वाची व्याख्या करताना व्यक्तीची उणीव आणि परिसरातील अडथळे यांच्या परस्परक्रियेवर भर देतो. मोजमाप मात्र केवळ व्यक्तीचेच होते, परिसराला कोणी गुण देत नाही. शांत खोलीत, ओळखीच्या डॉक्टरांसमोर बसलेला मुलगा आणि तोच मुलगा गजबजलेल्या बसस्थानकावर, यांत महदंतर असते. कागदावर मात्र आकडा एकच उमटतो. तो ४० टक्क्यांच्या खाली गेला तर ‘लक्षणीय दिव्यांगत्व’ सिद्ध होत नाही आणि बहुतेक लाभ दुरावतात.

यात आणखी एक क्रूर विसंगती दडलेली आहे. आईने वर्षानुवर्षे राबून मुलाला जेवणे, कपडे घालणे, चार शब्द बोलणे शिकवले, तर गुण घटतात आणि पुनर्तपासणीत टक्केवारी खाली येऊ शकते. म्हणजे तिच्या श्रमाचे फळ तिच्याच विरोधात पुरावा ठरते. आधार काढून घेतल्यास काय होईल, असा प्रश्न मोजपट्टी विचारत नाही.

मोजणीचा दुसरा भाग जनगणनेचा. २०११ च्या जनगणनेत दिव्यांगांची संख्या सुमारे २ कोटी ६८ लाख, म्हणजे लोकसंख्येच्या २.२१ टक्के नोंदली गेली. तीत आठ गट होते, पण स्वमग्नतेचा वेगळा रकाना नव्हता. दोन ते नऊ वर्षे वयाच्या मुलांमधील मेंदूविकासाशी निगडित अवस्थांविषयी पाच ठिकाणी झालेला अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. या ठिकाणांत उत्तर गोव्याचाही समावेश होता. स्वमग्नतेसह नऊ अवस्थांचा एकत्रित विचार करता सुमारे आठांपैकी एका मुलात यांपैकी किमान एक अवस्था आढळली. मुलांविषयी निदान इतके तरी हाती आहे. स्वमग्न प्रौढ किती, कोठे व कोणाबरोबर राहतात, याचा असा आधार नियोजनकर्त्यांपुढे नाही. ज्याची मोजदाद नाही त्याची तरतूद होत नाही, हा नियोजनशास्त्राचा साधा नियम येथे लागू पडतो.

४. विभागांत वाटलेले मूल आणि अठरा वर्षांची भिंत :

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत दिव्यांगांचा विषय ‘अपंग व नोकरीस अक्षम यांना साहाय्य’ अशा आशयाच्या नोंदीत आहे. म्हणजे एकाच ओळीत अपंग आणि नोकरीस अक्षम यांची सांगड, आणि हक्काऐवजी साहाय्य. प्रत्यक्ष कारभारात स्वमग्न मूल अनेक विभागांत विभागले जाते. आरोग्य विभाग त्याला शोधतो, महिला व बालविकास विभाग अंगणवाडीत सांभाळतो, शिक्षण विभाग शाळेत घेतो, प्रमाणपत्रोत्तर योजना दिव्यांग कल्याणाकडे असतात. महाराष्ट्राने डिसेंबर २०२२ मध्ये दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभागाचा निर्णय घेतला, हे पाऊल योग्यच होते. परंतु एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात फाइल नेण्याचे काम कोणत्याही विभागाचे नाही. ते आईचे आहे.

लवकर निदानाच्या बाबतीत प्रगती झाली हे मान्य करावे लागेल. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातील पालघर येथून झाला. अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा व शासकीय-अनुदानित शाळांतील मुलांची एकदा तपासणी, तसेच जिल्हास्तरावर शीघ्र हस्तक्षेप केंद्र, अशी त्याची रचना आहे. तपासणीच्या यादीत स्वमग्नताही आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये दिव्यांग बालकांसाठी अंगणवाडीची स्वतंत्र कार्यपद्धतीही जाहीर झाली. शाळेच्या टप्प्यावर सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये विशेष शिक्षकांचे प्रमाण प्राथमिक स्तरावर १० विद्यार्थ्यांमागे एक व उच्च प्राथमिक स्तरावर १५ मागे एक असावे, असे निर्देश दिले.

तथापि हा आलेख अठराव्या वर्षाशी येऊन थांबतो. बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची मर्यादा अठरा वर्षे, मोफत शिक्षणाचा हक्कही सहा ते अठरा. पुढे काय? राष्ट्रीय न्यासाच्या दिवस-संगोपन व गटनिवासाच्या योजना आहेत, पण त्या नोंदणीकृत संस्थांमार्फत चालतात. जेथे संस्था नाही तेथे योजनाही नाही. २००८ मध्ये सुरू झालेल्या ‘निरामय’ विम्याचा लाभ प्रौढांनाही मिळतो व त्यात उपचारपद्धतींचा खर्च समाविष्ट आहे, ही जमेची बाजू. मात्र १ लाख रुपयांची मर्यादा पुढील दीड दशकातही तशीच राहिली. बालपण हा आयुष्याचा चौथा हिस्साही नसतो. स्वमग्न बालक मोठे होऊन स्वमग्न प्रौढच होते, इतकी साधी गोष्ट नियोजनाच्या नजरेतून निसटली आहे.

इंग्लंडमध्ये २००९ साली झालेला ऑटिझम कायदा या दृष्टीने तुलनेस घेण्याजोगा आहे. त्या कायद्याने शासनावर स्वमग्न प्रौढांसाठी राष्ट्रीय धोरण आखण्याचे बंधन घातले. पहिले धोरण २०१० मध्ये आले, तर बालकांचा अंतर्भाव २०२१ च्या धोरणात झाला. आपला क्रम नेमका उलटा आहे. इंग्लंडमध्ये सर्व सुरळीत आहे असा याचा अर्थ नव्हे, परंतु धोरण सादर करणे हे तेथे शासनाचे वैधानिक कर्तव्य ठरले, सदिच्छा राहिली नाही.

५. ‘पालक’ या शब्दाचे दोन अर्थ :

मराठीत जन्मदाते आईवडीलही ‘पालक’ आणि कायद्याने नेमलेला संरक्षकही ‘पालक’. अठरा वर्षांपर्यंत हे दोन अर्थ एकरूप असतात, त्यानंतर कायदा त्यांना वेगळे करतो. ज्या आईने मुलाला वीस वर्षे सांभाळले, तिलाही त्याची कायदेशीर पालक होण्यासाठी १९९९ च्या कायद्याच्या कलम १४ नुसार स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करावा लागतो. दुसरीकडे २०१६ च्या कायद्यातील कलम १४ मर्यादित पालकत्वाची, म्हणजे परस्परसमजुतीने संयुक्त निर्णय घेण्याची, कल्पना मांडते व अन्य कायद्यान्वये नेमलेले पालकही मर्यादित पालक मानले जातील असे म्हणते. कलमाचा क्रमांक एकच, दृष्टी मात्र भिन्न. एकात व्यक्तीच्या वतीने निर्णय, तर दुसऱ्यात व्यक्तीसह निर्णय. बँकेच्या किंवा रुग्णालयाच्या खिडकीवर कोणता अर्थ लागू होईल, हे बहुधा समोरच्या कर्मचाऱ्याच्या आकलनावर ठरते.

आणखी एक तपशील बोलका आहे. १९९९ च्या कायद्यानुसार मालमत्ता सांभाळणाऱ्या पालकाने तिची यादी व वार्षिक हिशेब सादर करावयाचा असतो. काळजीचा मात्र असा नियमित हिशेब मागितला जात नाही. हेळसांड झाल्यास आईवडील, नातेवाईक किंवा नोंदणीकृत संस्था पालकाला दूर करण्याचा अर्ज करू शकतात. ज्याचे आईवडील गेले, नातेवाईक दुरावले आणि गावात संस्था नाही, त्याच्या वतीने अर्ज कोण करणार?

१९६१ च्या आयकर कायद्यातील कलम ८०डीडीचा इतिहासही असाच आहे. दिव्यांग मुलाच्या भवितव्यासाठी विम्यात रक्कम गुंतवणाऱ्या पालकास करसवलत होती, परंतु मुलाला पैसे पालकाच्या मृत्यूनंतरच मिळावेत अशी अट होती. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये या अटीच्या फेरविचाराची गरज दर्शवली आणि २०२२ मध्ये साठ वर्षे पूर्ण झालेल्या पालकाच्या हयातीतही मुलाला रक्कम मिळण्याची मुभा देण्यात आली. सुधारणा स्वागतार्हच होती. पण पालक थकलेला असतानाच मुलाला आधार लागू शकतो, हे ध्यानात येण्यास इतका काळ लागला, हे विसरता येत नाही.

काळजीवाहक भत्त्याचा उल्लेख २०१६ च्या कायद्याच्या कलम २४ मध्ये आहे. परंतु कलमाच्या आरंभीच शासनाने ‘आर्थिक क्षमतेच्या व विकासाच्या मर्यादेत’ योजना आखाव्यात असे म्हटले आहे. हक्काच्या वाक्यात ही पळवाट आधीच लिहून ठेवलेली आहे.

६. महाविद्यालयाच्या आवारातील एक अनुभव :

येथे एक अनुभव नोंदवणे आवश्यक वाटते. प्रस्तुत लेखिका पूर्वी ज्या महाविद्यालयात अध्यापन करीत असे, तेथे कला शाखेच्या प्रथम वर्षात एक स्वमग्न विद्यार्थी होता. प्रवेश नियमानुसार मिळाला होता. परीक्षेत त्याला वाढीव वेळही मिळत असे. त्याची खरी अडचण वेळेची नव्हतीच. रोज सकाळी फलकावर बैठकव्यवस्था बदलून लागे आणि त्या बदलानेच तो हादरून जाई. त्याची आई रोज सर्वांच्या आधी येऊन फलक पाहत असे, त्याला त्या बाकापर्यंत नेत असे आणि पेपर संपेपर्यंत जिन्याखाली बसून राहत असे. इतर दिवशीही ती तेथेच असे. आम्ही तिच्या चिकाटीचे कौतुक करीत असू.

दुसऱ्या सत्रात ती आजारी पडली आणि मुलगा यायचा थांबला. उपस्थितीपत्रकात त्याच्या नावापुढे ‘गैरहजर’ लिहिले जाऊ लागले. ते लिहिणाऱ्यांत प्रस्तुत लेखिकाही होती. घरी फोन करावा असे कोणाला सुचले नाही, कारण त्याच्याविषयी काही विचारायचे झाल्यास आई जिन्याखाली सापडेल, अशी आमची सवय झाली होती. वर्ष वाया गेले. सर्व परीक्षांना एकच बाक ठरवून देण्यास एक पैसाही लागला नसता. शासनाला दोष देताना हे आठवणे भाग आहे. २०१६ चा कायदा शासकीय व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान ५ टक्के जागा राखून ठेवण्यास सांगतो. जागा म्हणजे केवळ प्रवेशयादीतील क्रमांक, असाच अर्थ आम्ही घेतला होता.

निष्कर्ष :

१) स्वमग्नतेविषयीचे भारतीय नियोजन बालपण व निदान यांभोवती केंद्रित आहे. प्रौढत्व व वार्धक्य यांसाठी कालबद्ध आणि वैधानिक बंधन असलेले धोरण आवश्यक आहे.

२) प्रमाणपत्रासाठी व्यक्तीच्या वर्तनाबरोबरच तिला सध्या मिळणाऱ्या आधाराचेही मूल्यमापन व्हावे, जेणेकरून आईच्या श्रमामुळे मुलाची पात्रता जाणार नाही.

३) जनगणनेत स्वमग्नतेची स्वतंत्र नोंद व्हावी व पालकांचे वयही नोंदले जावे. साठीपुढील पालकांसोबत राहणारे स्वमग्न प्रौढ किती, हा गटनिवासांच्या नियोजनातील पहिला आकडा असला पाहिजे.

४) दोन कायद्यांतील पालकत्वाच्या कल्पनांचा मेळ घालून बँका, रुग्णालये व निबंधक कार्यालये यांना एकच स्पष्ट कार्यपद्धती द्यावी.

५) काळजीवाहक भत्ता हा आर्थिक क्षमतेवर सोडलेला उपकार न राहता हक्क व्हावा.

६) महाविद्यालयांनी स्वमग्न विद्यार्थ्यासाठी एक जबाबदार प्राध्यापक नेमावा, निश्चित जागा, शांत खोली व बदलांची पूर्वसूचना द्यावी आणि सलग अनुपस्थितीची घरी चौकशी करावी. यासाठी शासननिर्णयाची वाट पाहण्याचे कारण नाही.

‘आमच्यानंतर कोण?’ हा प्रश्न १९९९ मध्ये कायद्याने ऐकला, पण त्याचे उत्तर पुन्हा विचारणाऱ्यांवरच सोपवले. शासकीय नियोजनाची कसोटी आई हजर असताना मुलाला काय मिळते, यावर लागत नाही. ती ज्या दिवशी येऊ शकत नाही, त्या दिवशी त्याला त्याच्या बाकापर्यंत कोण नेते, यावर ती लागते. या कसोटीवर शासनाची योजना आणि आपली शिक्षणसंस्था या दोघांनीही स्वतःला तपासून पाहणे अगत्याचे आहे.